परसदारची टेकडी

एखाद्या खेड्यातील मुलाने खेळात नाव काढले, की लोक आश्चर्याने विचारतात, "एवढ्याशा गावातून हा आला तरी कसा?" ह्या प्रश्नात एक समजूत दडलेली असते. मोठे खेळाडू मोठ्या शहरांत निपजतात, त्यांना मोठी मैदाने लागतात, नामांकित शिक्षक लागतात आणि त्याहून अधिक म्हणजे पुष्कळ पैसा लागतो, अशी ती समजूत. ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात एक लहानसे राज्य आहे, आणि त्याची हकीकत वाचली म्हणजे ह्या समजुतीचा फेरविचार करावासा वाटतो. त्या राज्याचे नाव व्हर्माँट. आज वाचकांना थोडा वेळ तिकडे घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे.

व्हर्माँटचे क्षेत्रफळ २५ हजार चौरस किलोमीटरांच्या आत आहे, म्हणजे आपल्या गोव्याच्या सहापटींहून थोडे अधिक. परंतु वस्ती मात्र गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. २०२० च्या शिरगणतीत तेथे ६,४३,०७७ माणसे भरली. सर्वांत मोठे शहर बर्लिंग्टन. त्याची वस्ती ४५ हजारांच्या आत. राजधानी माँटपीलिअर तर अमेरिकेतील सर्व राज्यांच्या राजधान्यांत लहान. तेथे अवघी ८ हजारांच्या आसपास माणसे राहतात. बाकीचे राज्य म्हणजे हिरव्या डोंगरांची रांग, दूधदुभत्याची शेते, मेपल वृक्षांची राने आणि त्यांच्या मधून मधून विखुरलेली खेडी. अमेरिकेत ज्या धंदेवाईक संघांचा मोठा गाजावाजा होतो, त्यांपैकी एकही संघ ह्या राज्यात नाही.

आणि हिवाळा! आपल्याकडे आषाढात अंगणाचे तळे होते. व्हर्माँटमध्ये अंगण हिमाखाली गडप होते. एकट्या बर्लिंग्टन शहरात एका हिवाळ्यात पडणाऱ्या हिमाची बेरीज सरासरी २ मीटरांच्या घरात जाते, आणि डोंगरांवर तर त्याहून पुष्कळच अधिक. दिवस लहान, रात्र लांब, थंडी हाडे गोठविणारी. अशा ठिकाणी मुलांनी शेगडीपाशी बसून राहावे किंवा बाहेर पडून हिमालाच खेळगडी करावे, असे दोनच मार्ग उरतात. व्हर्माँटच्या लोकांनी दुसरा मार्ग धरला.

जुन्या मोटारीचे एंजिन

स्की हा खेळ आपल्याकडील पुष्कळांनी केवळ चित्रात पाहिला असेल. पायांस लांब, निमुळत्या पट्ट्या बांधून हिमाच्या उतारावरून घसरत खाली यावयाचे, हे त्याचे साधे रूप. खाली येणे सोपे. उतारच माणसाला आणतो. अडचण असते ती पुन्हा वर जाण्याची. पूर्वी एकदा खाली येण्याच्या सुखासाठी माणसाला तासभर हिमातून वर चढावे लागे. दिवसभरात चारपाच फेऱ्या झाल्या म्हणजे पाय गळून जात.

१९३४ च्या जानेवारीत व्हर्माँटमधील वुडस्टॉक ह्या गावी ह्या अडचणीवर एक तोड निघाली. गावच्या एका शेतकऱ्याच्या टेकडीवर लोकांनी एक लांब दोर चाकांवरून फिरता ठेवला आणि तो ओढण्यासाठी फोर्ड मोटारीचे जुने एंजिन जोडले. फिरत्या दोराला घट्ट धरावयाचे, की तो माणसाला ओढून माथ्यावर नेई. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिला दोर. त्यात ना मोठे भांडवल होते, ना मोठी विद्या. एक टेकडी, एक दोर, एक जुने एंजिन आणि ते चालू ठेवण्यास उभा राहणारा एक माणूस, एवढ्यावर काम भागले. पुढे मोठमोठी क्रीडाकेंद्रे उभी राहिली, आकाशातून जाणारे पाळणे आले, परदेशचे प्रवासी लोटले. परंतु ह्या राज्यातील खरे खेळाडू कोठून आले हे पाहू गेल्यास वाट पुन्हा पुन्हा त्या साध्या दोरापाशीच येऊन थांबते.

पडली, उठली आणि जिंकली

रटलंड गावाजवळ पिको नावाचे शिखर आहे. १९३७ साली मीड नावाच्या पतिपत्नींनी तेथे स्कीचे केंद्र काढले. त्यांची मुलगी अँड्रिया तेव्हा पाच वर्षांची होती. टेकडी हेच तिचे अंगण. ती लहान असतानाच वडील निवर्तले. पण खेळ सुटला नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९४८ साली, ती ऑलिंपिकमध्ये उतरली.

१९५२ साली नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे ऑलिंपिक भरले, तेव्हा अँड्रिया मीड लॉरेन्स एकोणीस वर्षांची होती. एक सुवर्णपदक तिने आधीच जिंकले होते. दुसरी शर्यत होती ती रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणे घेत उतरण्याची. ह्या शर्यतीत प्रत्येकीला दोनदा उतरावे लागते आणि दोन्ही वेळांची बेरीज करून निकाल लावतात. पहिल्याच उतरणीत अँड्रियाचा तोल गेला आणि ती पडली. शर्यतीत शतांश क्षणांचा हिशेब होतो. तेथे पडणे म्हणजे बहुधा सारे संपणे. परंतु ती उठली, चुकलेल्या खांबापाशी परत गेली, तेथून पुन्हा निघाली आणि पहिली उतरण पुरी केली. दुसऱ्या उतरणीत ती इतकी वेगाने आली, की तूट भरून काढून सुवर्णपदकही तिलाच मिळाले. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्कीपटू ठरली.

ह्या प्रसंगातील विजयापेक्षा ती मागे वळून खांबापर्यंत चढली ती चार पावले आम्हांस अधिक मोलाची वाटतात. आपण पडलो आहो हे ठाऊक असता, जग पाहत असता, चुकलेल्या जागी परत जाऊन तेथून पुन्हा आरंभ करणे हे धैर्य एका दिवसात येत नाही. ते लहानपणी, कोणी पाहत नसताना, शेकडो वेळा पडून आणि शेकडो वेळा उठून अंगी बाणते.

कॉक्रन कुटुंब

आता आमच्या मूळ गोष्टीकडे येतो. रिचमंड हे बर्लिंग्टनपासून जवळच एक लहान गाव. तेथे १९६० साली मिकी आणि जिनी कॉक्रन ह्या दांपत्याने डोंगराच्या पायथ्याशी एक शेतघर विकत घेतले. मिकी हे धंद्याने अभियंते. त्यांना चार मुले: मॅरिलिन, बार्बरा अ‍ॅन, बॉब आणि लिंडी. चौघांनाही हिमाचे वेड. परंतु शाळा सुटेपर्यंत दुपार टळून जाई, हिवाळ्यात अंधार लवकर पडे आणि मोठ्या डोंगरावर जाऊन येण्यास दिवस पुरत नसे. तेव्हा मिकी ह्यांनी विचार केला, की मुलांना डोंगराकडे नेण्यापेक्षा डोंगरच मुलांपाशी आणावा. १९६१ साली त्यांनी घरामागच्या उतारावर स्वतः एक दोर बसविला.

बसविला तो आपल्या चौघांसाठी; पण परसात असा खेळ मांडला म्हणजे शेजारची मुले थोडीच दूर राहतात! एक आले, चार आले, मग शाळाच्या शाळा येऊ लागली. जिनी ह्यांनी अगदी लहान मुलांचे वर्ग सुरू केले, आणि त्यांत एक नामी युक्ती योजली. शिकवावयाचे ते मुलांना नव्हे, तर त्यांच्या आयांना व वडिलांना. मग त्यांनी आपापल्या लेकरांना शिकवावे. ज्या आईने जन्मात कधी पायांस पट्ट्या बांधल्या नव्हत्या, ती ह्या टेकडीवर आपल्या बाळाबरोबर पडत-उठत शिकू लागली. छोट्यांच्या शर्यतीत शेवटी पोहोचणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर काडीची गोळी ठेवीत. पहिल्या आलेल्याला गोळी आणि शेवटच्यालाही गोळीच!

अशा ह्या परसदारच्या टेकडीवर वाढलेली चारही भावंडे पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात निवडली गेली. १९६९ साली थोरल्या मॅरिलिनने विश्वचषक स्पर्धांतील एका प्रकारात वर्षभराचे अजिंक्यपद मिळविले. १९७२ च्या जपानमधील साप्पोरो ऑलिंपिकमध्ये चौघांपैकी तिघे उतरले. तेथे बार्बरा अ‍ॅनने वीस वर्षांपूर्वी अँड्रियाने जिंकलेल्याच नागमोडी शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले. फ्रान्सच्या प्रतिस्पर्धिनीपेक्षा तिचा वेळ किती कमी होता? दोन्ही उतरणींची बेरीज करून केवळ ०.०२ सेकंद. पापणी लवण्यास ह्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. त्या वीस वर्षांत स्कीच्या उतार-शर्यतीत अमेरिकेला दुसरे सुवर्णपदक मिळालेले नव्हते. ह्या दोन पदकांच्या दोन्ही मानकरी एकाच चिमुकल्या राज्यातील, आणि दोघीही आईबापांच्या टेकडीवर वाढलेल्या, हा योगायोग म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही.

मार्गदर्शक शेजारी

लहान राज्याचा एक गुण असा, की तेथे मोठा माणूस दूर राहत नाही. ज्याने पदक जिंकले तो दुकानात भेटतो, शाळेत मुलांसमोर उभा राहतो, शेजारच्या टेकडीवर सरावास येतो. पाहणाऱ्या मुलाला वाटते, हा आपल्यासारखाच दिसतो. मग आपण का नाही?

व्हर्माँटच्या दक्षिण टोकाच्या ब्रॅटलबरो भागातील बिल कॉच १९७६ साली ३० किलोमीटरांच्या लांब पल्ल्याच्या स्की-शर्यतीत दुसरा आला. सपाट व चढउताराच्या रानावनांतून केवळ स्वतःच्या हातापायांच्या बळावर जाण्याच्या ह्या खेळात अमेरिकेला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्याच्या नावाने मुलांसाठी एक स्की-मंडळ चालते, आणि त्या भागातील कित्येक पोरे हिमावरील आपली पहिली शर्यत त्या मंडळातच धावतात. ह्या खेळातले अमेरिकेचे पुढचे पदक येण्यास ४२ वर्षे लागली. २०१८ साली ते आले ते सुवर्णपदकच होते; आणि ते जिंकणाऱ्या दोघींपैकी जेसी डिगिन्स ही जन्माने दुसऱ्या राज्यातील असली, तरी सराव करीत होती ती व्हर्माँटमधील स्ट्रॅटन येथे.

बार्टन गावची सुझन डंकली हिचे वडील ऑलिंपिकमध्ये उतरलेले स्कीपटू. स्की आणि नेमबाजी मिळून जो खेळ होतो, त्यात २०१७ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले. साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीच्या नॉर्विच गावची हॅना कीर्नी २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये हिमाच्या उंचवट्यांवरून उड्या घेत उतरण्याच्या शर्यतीत पहिली आली. एकाच रुंद फळीवर उभे राहून घसरण्याचा जो नवा खेळ आज जगभर पसरला आहे, त्याच्या फळ्या जेक बर्टन ह्या तरुणाने १९७७ साली व्हर्माँटच्या लंडनडेरी गावी बनवावयास आरंभ केला. प्रथम मोठी क्रीडाकेंद्रे ह्या फळीवाल्या पोरांना आपल्या डोंगरावर पाऊल ठेवू देत नसत. १९८३ साली स्ट्रॅटनने त्यांना दार उघडले. २००२ च्या ऑलिंपिकमध्ये ह्या खेळाच्या एका प्रकारातील पुरुषांचे व स्त्रियांचे अशी दोन्ही सुवर्णपदके व्हर्माँटमध्ये वाढलेल्या रॉस पॉवर्स आणि केली क्लार्क ह्यांनी नेली.

संघ आणि गाव

येथवर आम्ही एकेकट्याने खेळावयाच्या खेळांविषयी लिहिले. परंतु गावाला गाव म्हणून जोडतो तो संघ. ज्या राज्यात धंदेवाईक बडे संघ नाहीत, तेथे विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ होतो. व्हर्माँट विद्यापीठाने स्कीमध्ये सहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, ह्यात नवल नाही. नवल घडले ते इतरत्र.

२००५ च्या मार्चमध्ये ह्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत सिरॅक्यूज विद्यापीठापुढे उभा राहिला. सिरॅक्यूजने दोनच वर्षांपूर्वी हे अजिंक्यपद जिंकलेले. व्हर्माँट जिंकेल असे म्हणणारा विरळा. सामना बरोबरीत सुटून जादा वेळ द्यावा लागला. त्यात टी. जे. सॉरेंटीनने इतक्या दुरून चेंडू फेकला, की पाहणाऱ्यांनी श्वास रोखला. आणि चेंडू जाळीतून खाली आला. निकाल ६० विरुद्ध ५७. त्या संघाचा आधारस्तंभ टेलर कॉपनरॅथ हा वेस्ट बार्नेट नावाच्या खेड्यातला. खेडूतांना आपला मुलगा साऱ्या देशासमोर खेळताना दिसला, ह्याचे मोल पदकात मोजता येत नाही.

पुढे १६ डिसेंबर २०२४ रोजी त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने आणखी मोठी मजल मारली. स्पर्धेच्या मानांकनात ह्या संघाचे नावही नव्हते. अंतिम सामन्यात मार्शल विद्यापीठाने प्रथम गोल केला. सामना संपण्यास काही मिनिटे उरली असता मार्सेल पॅप ह्याने बरोबरी साधली, आणि जादा वेळात मॅक्सिमिलियन किसेल ह्याने विजयाचा गोल केला. स्कीखेरीज दुसऱ्या कोणत्याही सांघिक खेळात विद्यापीठाला मिळालेले हे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद. वाचकांच्या लक्षात येईल, की ही दोन्ही नावे व्हर्माँटची नव्हेत. एक हंगेरीचा आणि दुसरा जर्मनीचा. परंतु हिमाळ्या गावाने ह्या परदेशी मुलांना आपले म्हटले, आणि त्यांनीही त्या गावासाठी जीव ओतला. २०२५ च्या उन्हाळ्यात बर्लिंग्टनच्याच 'व्हर्माँट ग्रीन' ह्या हौशी खेळाडूंच्या संघाने आपल्या वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद घरच्या मैदानावर जिंकले.

कॅथॉलिक वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. बर्लिंग्टनलगत सेंट मायकल्स हे महाविद्यालय आहे. फ्रान्समधून आलेल्या संत एडमंड संघाच्या धर्मगुरूंनी ते १९०४ साली स्थापिले. १९५८ साली ह्या छोट्या महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तो सामना ते हरले. पण डोंगराळ प्रदेशातील शेतकरी-कामकरी कुटुंबांची मुले एवढ्या दूर जाऊन पोहोचली, हे त्या काळी थोडे नव्हते.

बॅरी गावची रीत तर आम्हांस फारच मनोरंजक वाटली. हे गाव ग्रॅनाइटच्या खाणींचे. १९६० साली तेथे मोटारींच्या शर्यतीचा मार्ग बांधला गेला. शर्यती कोणत्या वारी भरवाव्या? जगात सर्वत्र शनिवार-रविवार ठरलेले. बॅरीने गुरुवारची रात्र निवडली. कारण दगडकाम करणाऱ्या कामगारांचा पगार गुरुवारी होत असे! अमुक वेळी खेळ आहे, लोकांनी त्या वेळी यावे, असे न म्हणता लोकांच्या हाती चार पैसे ज्या वेळी असतील त्या वेळी खेळ ठेवावा, ही शहाणी व्यवस्था होय.

उणी बाजू

हे सर्व वाचून कोणास वाटेल, की त्या राज्यात सारे आबादीआबाद आहे. तसे नाही. लहानपणाचे जसे सुख असते तसे दुःखही असते.

दूधदुभते हा व्हर्माँटचा कणा. १९४० च्या दशकात तेथे अकरा हजारांहून अधिक दुग्धशेते होती. आज सहाशेदेखील उरली नाहीत. शेत बंद झाले की कुटुंब निघून जाते, कुटुंब गेले की शाळेतील बाके रिकामी होतात, आणि बाके रिकामी झाली की संघात खेळाडू पुरत नाहीत. मोठ्या शहरातील शाळेत शंभर मुलांतून अकरा निवडतात. बाकीची पाहत राहतात. व्हर्माँटच्या खेड्यातील शाळेत अकरा जमवावयाचे तर दिसेल त्याला मैदानात यावे लागते. ह्यात एक सुख आहे, की कोणी वगळला जात नाही. परंतु संख्या आणखी घटली म्हणजे दोन शाळांना मिळून एक संघ करावा लागतो. ज्या शेजारच्या गावाला हरविण्यासाठी वडील आणि आजोबा झटले, त्याच गावच्या मुलांबरोबर एकच सदरा घालून नातू खेळतो. शहाणी माणसे ह्यातही गोडी मानतात. पण जुन्या लोकांच्या काळजात कळ उठते ती उगाच नव्हे.

तेथील गावकरी दर वर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभेस जमतात. पुष्कळ ठिकाणी शाळेचा वर्षाचा खर्च मंजूर करावा की नाही, ह्यावर त्याच दिवशी मतदान होते. २०२४ साली कर फार वाढणार असे दिसताच जवळजवळ एकतृतीयांश शाळांचे अंदाजपत्रक लोकांनी फेटाळले. कर देणारा शेतकरी आणि खेळणारे मूल एकाच घरात राहतात. दोघांचेही म्हणणे खरे असते. विद्यापीठालासुद्धा २००९ साली पैशाअभावी आपला बेसबॉल संघ बंद करावा लागला. त्या संघाचे जुने मैदान १९०६ पासूनचे. तेथे आता उन्हाळ्यात निरनिराळ्या महाविद्यालयांच्या मुलांचा संघ खेळतो, आणि खेळ पाहण्यास मुलाबाळांसह कुटुंबेच्या कुटुंबे येतात.

ह्याहून मोठे संकट म्हणजे हिमच उणे होऊ लागले आहे. हवामान उष्ण होत चालल्याने हिवाळा आखडला. पूर्वी शँप्लेन सरोवर बहुतेक हिवाळ्यांत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गोठत असे. आता तसे क्वचित घडते. मोठी केंद्रे यंत्रांनी पाण्याचे तुषार थंड हवेत उडवून कृत्रिम हिम करतात. त्यास पाणी लागते, वीज लागते, पैसा लागतो; आणि तो पैसा अखेर तिकिटावर चढतो. मोठ्या डोंगरावर एका दिवसाचे तिकीट २०० डॉलरांच्या आसपास जाते. गवळ्याच्या चार मुलांनी तेथे कसे जावे?

तरी माणसाची बुद्धी स्वस्थ बसत नाही. आपल्याकडे बर्फवाला लादी भुशात पुरून ठेवतो, ती भर उन्हात दिवसभर टिकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. क्राफ्ट्सबरी नावाच्या गावी लांब पल्ल्याच्या स्कीचे एक केंद्र आहे. तेथील लोकांनी विद्यापीठातील संशोधकांच्या साह्याने हाच प्रयोग डोंगराएवढा मोठा केला. हिवाळ्यात हिमाचा प्रचंड ढीग रचला, त्यावर लाकडाच्या कपच्यांचा जाड थर पसरला आणि २०१९ चा सारा उन्हाळा तो तसाच ठेवला. पानगळीच्या दिवसांत थर काढून पाहतात तो निम्म्याहून अधिक हिम शाबूत! ते वाटेवर पसरून मुलांनी आपला सराव वेळेवर सुरू केला.

गोठ्यातून मैदानात

ह्या साऱ्या घसरणीतही एक मुलगी पुढे आली. मॉंटगोमेरी हे कॅनडाच्या सरहद्दीजवळचे हजार-बाराशे वस्तीचे गाव. तेथील एका गवळ्याची लेक एल प्युरिए. गायींचे काम, गवताचे भारे, पहाटेचे उठणे, हे तिला जन्मापासून ठाऊक. तिने २०२० साली छताखालील मैदानावर एक मैल धावण्याचा अमेरिकेचा विक्रम ४ मिनिटे १६.८५ सेकंदांत केला. दुसऱ्या गवळ्याशीच तिने लग्न केले. २०२३ च्या मार्चमध्ये तिला मुलगा झाला. आणि वर्ष उलटते न उलटते तोच, २०२४ च्या मार्चमध्ये, ग्लासगो येथील जागतिक स्पर्धेत ३,००० मीटरांच्या शर्यतीत जगातील उत्तम धावपटूंना मागे टाकून तिने सुवर्णपदक घेतले. ज्या धंद्याची शेते एकामागून एक मिटत चालली आहेत, त्याच धंद्याच्या घरातून ही माता उठली.

पन्नास वर्षांनंतर

आता पुन्हा रिचमंडच्या टेकडीकडे वळू. मिकी १९९८ साली वारले, आणि काही वर्षांनी जिनीही गेल्या. अशा वेळी पुष्कळ घरांत जमीन विकली जाते व वाटण्या होतात. कॉक्रन भावंडांनी तसे केले नाही. ती टेकडी त्यांनी एका सार्वजनिक, नफा न घेणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केली. पैसे नाहीत म्हणून कोणाचे मूल परत जाऊ नये, हे तिचे धोरण. दोर अजून फिरतो. छोट्यांच्या हातावर गोळी अजून पडते. नातवंडांपैकीही कित्येकजण राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले.

त्यांतला एक रायन, बार्बरा अ‍ॅनचा मुलगा. २०२१ च्या जानेवारीत एका शर्यतीत तो भयंकर आपटला आणि त्याच्या मानेच्या मणक्याला इजा झाली. पुन्हा डोंगरावर जाईल की नाही अशी शंका. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बीजिंग ऑलिंपिकच्या उतारावर उभा होता. त्याच्या आईने साप्पोरो येथे पदक जिंकल्याला त्या वेळी बरोबर पन्नास वर्षे झाली होती. तो खाली आला. दुसरा आला. सुवर्णपदक त्याच्यापासून ०.०४ सेकंदाने दूर राहिले. आई ०.०२ सेकंदाने जिंकली होती, मुलगा ०.०४ सेकंदाने हुकला. इतक्या बारीक फटीतून यश आणि अपयश एकमेकांना पाहत असतात! पदक रुप्याचे असले, तरी आईला ते सोन्याहून उणे वाटले असेल असे आम्हांस वाटत नाही.

वाचकहो, ह्या हकीकतीत हिम आहे, पदके आहेत, विक्रम आहेत. परंतु तिच्या मुळाशी पाहू गेल्यास एक साधी गोष्ट दिसते. शाळा सुटल्यावर, अंधार पडत असता, थंडीत, एक बाप दोराच्या एंजिनाशी उभा आहे. एक आई दुसऱ्या आयांना शिकवीत आहे. त्यांना ऑलिंपिक दिसत नव्हते. त्यांना आपली आणि शेजाऱ्यांची पोरे दिसत होती. राज्य लहान आहे, शेते मिटत आहेत, हिम वितळत आहे. ह्यांतील पुष्कळ गोष्टी एकट्या माणसाच्या हाती नाहीत. संध्याकाळी दोन घटका मुलांपाशी उभे राहणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.

आपल्या गावी हिम पडत नाही. पण संध्याकाळ रोज होते, चर्चच्या किंवा शाळेच्या पटांगणात मुले रोज जमतात, आणि कोणी मोठे माणूस आपल्याकडे पाहते आहे काय, म्हणून अधूनमधून मान वर करून बघतात. त्या वेळी तेथे कोणी असावे, एवढीच आमची मागणी आहे.